तिसऱ्या हाकेला

व्हिडिओ अजून काढायचा होता, पण तो कुठे पडणार हे प्रणोतीला सकाळीच कळलं होतं. नवव्या सेकंदाला. स्क्रीनवरची हिरवी रेघ तिथपर्यंत सरळ चालत आली होती आणि मग उतारावर सायकल सोडून द्यावी तशी खाली गेली होती.

विषय साधा होता. साडेचार वर्षांची जुई वाटाणे सोलते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीतून छान ऊन यायचं आणि जुई परात पुढ्यात घेऊन बसली की आजीबाईसारखी दिसायची. प्रणोतीला वाटलं होतं, एवढं पुरेल. व्हिडिओ किती चालेल ते आधीच सांगणाऱ्या 'चाहूल'ला तसं वाटलं नाही. रेघेखाली तिची सूचना आली: आईचा आवाज चौकटीबाहेरून येऊ द्या. पहिल्या दोन हाकांना मूल वळत नाही. तिसरीला वळून हसतं.

प्रणोतीनं आराखड्यात तेवढं घातलं. रेघ उठून बसली.

"जुई, एक खेळ खेळूया?"

"कुठला?"

"मी दारातून हाक मारणार. पहिल्यांदा मारली की ऐकूच आलं नाही असं करायचं. दुसऱ्यांदाही तसंच."

जुईनं हातातली शेंग खाली ठेवली. "मग तू रागावशील."

"नाही रागावणार."

"काल रागावलीस की. आंघोळीला."

"ते वेगळं. हा खेळ आहे. तिसऱ्या हाकेला वळायचं आणि हसायचं."

जुईनं थोडा विचार केला. आईची हाक ऐकून गप्प बसायचं आणि वर शाबासकीही मिळवायची, हा सौदा तिला जरा संशयास्पद वाटला असावा. पण ती तयार झाली. कितवी हाक ते विसरू नये म्हणून तिनं स्वतःच युक्ती काढली: डावा हात परातीखाली लपवून एकेका हाकेला एकेक बोट मिटायचं. कॅमेऱ्यात ते दिसत नव्हतं. प्रणोतीला दारातून दिसत होतं, आणि तिला इतकं हसू आलं की तिसरी हाक जवळजवळ चुकलीच.

चाहूल म्हणजे काही जादू नव्हती. प्रणोती संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली होती, त्यामुळे तिला ती बऱ्यापैकी समजायची. वर्षानुवर्षं लोकांनी फोनवर जे जे बघितलं, त्यात अंगठा कुठे थांबला, कुठे सरकला, कुठे मागे येऊन तेच पुन्हा बघितलं, याची नोंद कुठे ना कुठे राहिली होती. त्या नोंदींमधून चाहूल बनवणाऱ्यांनी दहा हजार नकली प्रेक्षक तयार केले. नुसती सरासरी काढली नाही. प्रत्येकाला स्वतःच्या सवयी दिल्या. जेवताना बघणारा एक, पोराला मांडीवर झोपवता झोपवता बघणारी एक, बसमध्ये आवाज बंद ठेवून बघणारा एक. तुम्ही आराखडा लिहून दिलात की चाहूल आतल्या आत त्याचं कच्चं चित्र रंगवायची, ते या दहा हजारांना दाखवायची आणि कोण कुठे कंटाळून उठून गेलं ते हिरव्या रेघेनं सांगायची. खरा व्हिडिओ लोकांसमोर गेला की दोन दिवसांत खऱ्या माणसांची पिवळी रेघ तिच्याशेजारी यायची. बहुतेक वेळा दोन्ही एकमेकींवर इतक्या नीट बसायच्या की प्रणोतीला थोडी भीतीच वाटायची. आपण सगळे इतके ठरलेले आहोत का?

हाकेचं कारणही तिला समजलं होतं. हाक मारली आणि मूल वळलं नाही, की ते वळेपर्यंत माणसाला नजर काढता येत नाही. प्रत्येकजण कधीतरी कुणाचं तरी लहान मूल असतो किंवा आईबाप असतो. ती अर्धवट राहिलेली हाक त्याला सोडत नाही.

'जुईच्या घरी' हे चॅनल त्या वाटाण्यांच्या व्हिडिओनं उभं राहिलं. मग तीच हाक रांगोळीत आली, कुंडीला पाणी घालताना आली, चिमुकल्या पोळपाटावर पोळी लाटताना आली. अभिनंदन, जुईचे बाबा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. संध्याकाळी घरी आले की दारातूनच ओरडायचे, "मगदूम बाई आहेत का घरात? त्यांची सही पाहिजे होती." जुई पाठ करून बसायची, तीन बोटं मिटायची, मग धावत सुटायची.

प्रणोती काळजी करणारी बाई होती. द्राक्षाचे उभे चार तुकडे केल्याशिवाय जुईच्या हातात द्यायची नाही. टीव्हीचं कपाट भिंतीला स्क्रूनं आवळून घेतलेलं. पाण्याचा फिल्टर, गादीखालची धूळ, गाडीचा पट्टा, सगळ्यावर तिची नजर. मोठा व्हिडिओ गेला की मीठ-मोहरीनं जुईची दृष्ट काढायची. "दोन लाख डोळे म्हणजे थोडं मीठ कमीच पडणार," अभिनंदन म्हणायचे. "पोतं आणू का?"

हिवाळ्यात जुईला गालगुंड झालं. बालवाडीतल्या चार पोरांना झालं होतं, त्यातलीच एक ही. उजवा गाल भज्यासारखा फुगला, ताप आला, एक दिवस उलट्या झाल्या, चालताना तिचा तोल जातोय असंही वाटलं. डॉक्टर म्हणाले, विषाणूचं दुखणं आहे, आराम द्या, पातळ खायला द्या. प्रणोतीनं आठवडाभर ट्रायपॉड कपाटात ठेवला आणि दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिली. गाल उतरला. जुई पुन्हा गॅलरीतल्या कुंड्यांशी बोलायला लागली. ट्रायपॉड बाहेर आला.

परत आल्यावरचा पहिला व्हिडिओ बेदाण्यांचा होता. तासगावहून आबांनी, प्रणोतीच्या वडिलांनी, वाळवणीच्या शेडवरचे नवे बेदाणे पाठवले होते आणि जुई त्यातल्या काड्या निवडत बसली होती. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला दार. दारात प्रणोती.

पहिली हाक. दुसरी. तिसरी. तिसऱ्या हाकेला जुई वळली, पण खिडकीकडे. तिथे कुणी नव्हतं. तिनं वर बघितलं, गजांपलीकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काहीतरी आलं, की आई बाहेर कशी गेली. मग ती हळूहळू फिरली, दारात आई दिसली, आणि जे हसली ते ठरवून हसता येण्यासारखं नव्हतं.

प्रणोतीनं तो भाग तसाच ठेवला.

दोन दिवसांनी पिवळी रेघ आली. तिसऱ्या हाकेपाशी ती हिरवीला सोडून वर गेली होती, कधी गेली नव्हती तेवढी. लोक मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघत होते. कुणी लिहिलं होतं, आईला शोधणारे डोळे बघून रडू आलं.

"पोरगी कसलेली नटी झाली की," अभिनंदन म्हणाले.

"मी सांगितलं नव्हतं हं तिला. स्वतःच केलं."

"आईवर गेलीय."

कॉलेजात पाटणकर सर अंदाज आणि प्रत्यक्ष यांची आकृती फळ्यावर काढायचे आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खडू टेकवायचे. म्हणायचे, जुळलं ते तुम्हाला माहीतच होतं. इथे बघा, इथे तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी बसलंय. प्रणोतीला सर आठवले. तिनं खरंच तिथे बघितलं. पण तिला तिथे आपली हुशार लेक दिसली.

पुढच्या आराखड्यात तिनं स्वतःच्या हातानं ओळ लिहिली: तिसऱ्या हाकेला आधी चुकीच्या बाजूला वळते, मग आई सापडते. चाहूलनं ती शिकून घेतली. हिरवी रेघ आता पिवळीच्या उंचीला आली, आणि त्यानंतर दोघींमध्ये अंतर उरलं नाही.

घरात बोलावलं की जुई लगेच ओ देत नसे. देणार कशी, तिचा खेळच तो होता. मिक्सर चालू असला तर मुळीच नाही. "झालं, तिसरी हाक मारा आता," अभिनंदन हसायचे. प्रणोती तिसरी मारायची, चौथीही मारायची. कधीकधी चिडायची. टीव्हीचा आवाज तिनं दोनदा कमी केला आणि डोळे बिघडतील म्हणून जवळ बसण्यावरून बोलली.

मार्चमध्ये बालवाडीतून येताना गल्लीच्या तोंडाशी त्या दोघी थांबल्या होत्या. प्रणोती पिशवी सावरत होती. जुई एक पाऊल पुढे गेली. उजवीकडून विजेची रिक्षा आली. त्या रिक्षांना लोकांना कळावं म्हणून मंद घूं असा आवाज दिलेला असतो, तोही होता, वर रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. जुई दचकली आणि डावीकडे बघायला लागली. रिकाम्या रस्त्याकडे. प्रणोतीनं तिला दंडाला धरून मागे खेचलं. रिक्षा तिच्या फ्रॉकला घासून गेली.

"पोरीला सांभाळा की ताई," रिक्षावाला लांबून म्हणाला.

प्रणोतीनं तिचा दंड सोडला नाही. "रस्त्यावर नाटक करायचं नाही," ती जुईवर ओरडली. "कळलं? तो खेळ घरात. रस्त्यावर नाही."

"मी नाही केलं."

"मग तिकडे काय बघत होतीस? रिक्षा इकडून आली ना?"

जुई एकदा उजवीकडे बघे, एकदा डावीकडे. "आवाज तिकडून आला," ती म्हणाली. मग आईचा चेहरा बघून, "सॉरी, आई. आता नाही करणार."



आबा व्हिडिओ कॉल करत नसत. शेडवर काम करताना तोंड दाखवायला कुणाला सवड आहे, म्हणायचे. फोन आला की प्रणोती स्पीकर लावून मधे ठेवायची. त्या रविवारी तिच्या हाताला कणीक होती, म्हणून तिनं जुईला म्हटलं, तूच घे. जुईनं उजव्या हातानं फोन उचलला आणि कानाला लावला.

"आबा?" ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "आबा?" मग आईकडे वळून, "आबा बोलतच नाहीत."

प्रणोतीला ओट्यापाशीसुद्धा बारीक आवाज येत होता. "काय गं बाळ, बेदाणे संपिवलंस का?" फोनमधून आबा विचारत होते.

जुईनं फोन डाव्या कानाला लावला आणि तिचा चेहरा उजळला. "आबा, आता आलात? कुठे गेला होतात?"

प्रणोतीनं हात तसेच ठेवले. कणकेचे. फोन संपेपर्यंत ती हलली नाही. मग हात धुतले, पुसले, जुईच्या मागे जाऊन बसली. "मी कानात गुपित सांगणार," म्हणाली आणि तिचा डावा कान तळव्यानं घट्ट झाकला. उजव्या कानाला ओठ जवळजवळ टेकवून तिनं विचारलं, "चॉकलेट पाहिजे?"

जुई वाट बघत राहिली. "सांग ना," ती म्हणाली.

प्रणोतीनं पुन्हा सांगितलं.

"आई, सांग ना लवकर. गुदगुल्या होतात."

मिरजेच्या कानाच्या डॉक्टर बाई शांत होत्या. काचेच्या खोलीत जुईला हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. डाव्या कानाला डबा भरला. उजव्या कानाला ठोकळा तिच्या हातातच राहिला.

"गालगुंड झालं होतं का?"

प्रणोतीनं मान डोलावली.

"त्याचा विषाणू कधीकधी आतल्या कानात जातो. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात केसासारख्या बारीक पेशी. आवाज त्या पकडतात. त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, अजून तरी आपल्याला उगवता येत नाहीत." बाईंनी कागदावर कान काढला, मग बाजूला दुसरा. "दुसरा कान उत्तम आहे. भाषा, शाळा, गाणं, सगळं होईल. जाते ती दिशा. आवाज एका कानाला जरा आधी पोचतो, दुसऱ्याला जरा नंतर. तेवढ्या फरकावरून मेंदू बाजू ठरवतो. हिला तो फरकच मिळत नाही. सगळं जग डावीकडूनच बोलतंय असं वाटतं."

"लवकर आलो असतो तर?" अभिनंदननी विचारलं.

"पहिल्या काही दिवसांत औषध देऊन बघतो आपण. थोड्यांना उपयोग होतो. हिला झाला असता असं मी म्हणणार नाही, नसता झाला असंही नाही. मुलं सांगत नाहीत हो, त्यांना कळतच नाही. पण घरात लक्षात येतं. हाक मारली की भलतीकडे बघतात. कधीपासून आहे, काही अंदाज?"

अभिनंदननी प्रणोतीकडे बघितलं. प्रणोतीनं फोन काढला आणि बेदाण्यांचा व्हिडिओ लावून बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी तो शेवटपर्यंत बघितला. पुन्हा लावला. तिसऱ्या हाकेपाशी थांबवला. "हो," त्या म्हणाल्या. "इथे ती तुम्हाला खरंच शोधतेय." मग खालचा, बघणाऱ्यांचा आकडा त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी फोन परत दिला.

परतताना गाडीत, मिरज मागे पडल्यावर अभिनंदन म्हणाले, "मी नटी म्हटलं होतं तिला."

"मी तर लिहून काढलं," प्रणोती म्हणाली.

मागच्या सीटवर जुई ठोकळ्यांच्या खेळात आपण जिंकलो का, हे तिसऱ्यांदा विचारत होती.

आठवड्यानं अभिनंदनच म्हणाले, "हे लोकांना सांगायला पाहिजे प्रणू. कुणाचं तरी मूल वाचेल."

प्रणोतीलाही ते पटलं होतं. तिनं आराखडा लिहिला. गालगुंडानंतर एकेक कान झाकून बघा, भलतीकडे वळतं का बघा, फोन कुठल्या कानाला लावतं ते बघा. सात वाक्यं, ती एकटी, मागे भिंत. चाहूलनं दहा हजारांना दाखवलं आणि ते दुसऱ्या वाक्याला उठून गेले.

रेघेखाली सूचना आली: जुने व्हिडिओ सुरुवातीला दाखवा. आईचा आवाज तिसऱ्या वाक्याला दाटून येऊ द्या. मूल चौकटीत हवं. आईनं उजवीकडून हाक मारावी आणि मुलानं चुकीच्या बाजूला वळावं.

तिनं तसं करून बघितलं, फक्त आराखड्यात. हिरवी रेघ वर चढली आणि खाली आलीच नाही. शेवटपर्यंत. कितीतरी घरांत ती पोचली असती. कितीतरी आयांनी लगेच उठून आपापल्या पोराचा कान झाकून बघितला असता. प्रणोती त्या रेघेकडे बघत बसली. हॉलमध्ये जुई गाणं म्हणत होती. तिला बोलवायला एक हाक पुरली असती. बरोबर बाजूनं मारली असती तर.

तिनं एकटीनंच ती सात वाक्यं तशीच बोलून टाकली आणि व्हिडिओ पाठवून दिला. दोन दिवसांनी पिवळी रेघ आली. दुसऱ्या वाक्यापाशी ती हिरवीच्या बरोबर खाली उतरली. दोघींमध्ये सुतभराचाही फरक नव्हता. त्या खाली उतरलेल्या रेघेतलं कुणी एखादं तरी शेवटपर्यंत थांबलं असेल का, कुणाचं मूल वेळेवर डॉक्टरकडे पोचलं असेल का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. आणि वर गेलेली दुसरी रेघ तिच्या डोक्यातून जाणार नव्हती.

बालवाडीत जुईला उजव्या भिंतीला लागून बसवायचं ठरलं, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहील. रस्त्यावर तिच्या उजव्या हाताला मोठ्या माणसानं चालायचं. ट्रायपॉड अभिनंदननी कारखान्यातल्या एका मुलाला देऊन टाकला. घरात बोलवायचं झालं की प्रणोती वळसा घालून जुईच्या डाव्या बाजूला जायची. तिला वाटत होतं, निदान एवढं आता आपण बरोबर करतोय.

शनिवारी दुपारी जुई वाटाणे सोलत बसली होती. प्रणोती खिडकीच्या बाजूला आली, दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "जुई."

जुईनं वर बघितलं नाही. परातीखाली एक बोट मिटलं.

प्रणोतीला ते दिसलं. "जुई," ती पुन्हा म्हणाली. दुसरं बोट मिटलं.

"जुई."

जुई वळली. आधी दाराकडे, जिथे कुणी नव्हतं. तिनं डोळे मोठे केले, इकडेतिकडे शोधलं, मग सावकाश खिडकीकडे फिरली आणि हसली. ते हसू आराखड्यातलं होतं, अगदी बरोबर. नजर प्रणोतीच्या खांद्यावरून कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेकडे गेली, ट्रायपॉड असायचा तिकडे.

"बरोबर केलं ना?"

प्रणोती तिच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसली. परातीखालचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडली.

"केलंस बरोबर. पण तो खेळ आता संपला हं बाळा. आता मी हाक मारली की पहिल्यांदाच वळायचं. ऐकू आलं की लगेच ओ द्यायची. आणि नाही ऐकू आलं तर नाही. ठरलं?"

जुईनं हात सोडवून घेतला. एक शेंग उचलली, फोडली नाही. तिच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं तोंड झालं.

"म्हणजे तू मला एकदाच हाक मारणार?"

"हो."

"मग बाकीच्या दोन कुणाला मारणार?"